मायक्रोवेव्ह काउंटर नेमकं काय मोजतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॉलिटेक्निकमध्ये एक्स-बँडचा (साधारण ८ ते १२ गिगाहर्ट्झ) गन बेंच आहे, म्हणजे गन डायोडपासून मायक्रोवेव्ह सिग्नल काढून प्रयोग करायची मांडणी. कुठल्याशा बंद झालेल्या प्रयोगशाळेतून १८ गिगाहर्ट्झपर्यंतची फ्रीक्वेन्सी मोजणारा जुना काउंटर तिथे आला. प्रयोगशाळा सहायकांनी मॅन्युअल उघडलं, तर आतली मोजणारी सर्किटं सव्वाशे मेगाहर्ट्झच्या पुढे जातच नाहीत. मग समोरच्या पॅनेलवर ९.४ गिगाहर्ट्झ उमटतं कसं? दुसरा प्रश्न त्याहून जिव्हाळ्याचा. बेंचवरचा कॅव्हिटी मीटर (पोकळी जुळवून फ्रीक्वेन्सी सांगणारं साधं उपकरण) ९.४१ सांगतो, पण काउंटर कधी ४.७ च्या आसपास काहीतरी दाखवतो, कधी नुसत्या रेघा, आणि कधी नीट ९.४१ दाखवला तरी शेवटचे चार-पाच आकडे थांबायचं नाव घेत नाहीत. काउंटर बिघडलाय का?

भाऊ, काउंटर बहुतेक ठणठणीत आहे. घाईने खोलू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींची उत्तरं पहिल्याच प्रश्नात आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कोणताही काउंटर ठरावीक वेळ गेट उघडतो आणि तेवढ्या वेळात किती लहरी गेल्या ते मोजतो. गेट किती वेळ उघडं राहणार हे आतला १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ठरवतो. त्यालाच टाइमबेस म्हणतात. एका सेकंदात ८,६०,००,००० लहरी गेल्या तर ८६ मेगाहर्ट्झ, झालं. गेट लहरीच्या मधेच बंद होऊ शकतं, म्हणून शेवटच्या आकड्यात एकाचा फरक नेहमी धरायचा. अडचण वेगाची आहे. आपण कॉलेजात वापरतो ती ७४९० चिप तीस-पस्तीस मेगाहर्ट्झला धापा टाकते. वेगवान ईसीएल सर्किटं लावली तर ५०० मेगाहर्ट्झपर्यंत थेट मोजता येतं. सेकंदाला ९४१ कोटी लहरी एकेक करून मोजणं त्या काळातल्या कोणत्याही काउंटरला जमणारं नव्हतं.

म्हणून मायक्रोवेव्ह काउंटर तुमचा सिग्नल मोजतच नाही. त्यातून एक माहीत असलेली मोठी फ्रीक्वेन्सी वजा करतो, जे उरतं ते मोजतो आणि वजा केलेलं परत मिळवून पडद्यावर दाखवतो. तुमच्या गावात छपराछपरावर डिश आहेत, त्यांच्या तोंडाशी बसलेला एलएनबी (सिग्नल पकडून खाली पाठवणारी डबी) हीच वजाबाकी करतो. समजा उपग्रहाकडून ११,४७० मेगाहर्ट्झ आलं, तर एलएनबी आपल्या आतल्या ९,७५० शी ते मिसळतो आणि केबलमधून १,७२० खाली पाठवतो. फरक एवढाच की एलएनबीला किती वजा केलं ते ठाऊक असण्याची गरज नाही, सेट-टॉप बॉक्सला मेन्यूतून सांगितलेलं असतं. काउंटरला मात्र ते स्वतःच शोधून काढावं लागतं. सगळी हुशारी आणि सगळी फसगत इथेच आहे.

वजाबाकीच्या आधी भागाकाराचा मार्ग सांगून टाकतो, कारण बाजारातले स्वस्त काउंटर त्यावरच चालतात. सिग्नलला आधी ६४ ने किंवा १२८ ने भागायचं आणि मग मोजायचं. त्याला प्रीस्केलर म्हणतात. २,४०० मेगाहर्ट्झला ६४ ने भागलं की ३७.५ उरतात, ते कोणीही मोजेल. किंमत वेळेत मोजावी लागते: एका सेकंदाच्या गेटमध्ये शेवटचा आकडा १ हर्ट्झचा न राहता ६४ हर्ट्झचा होतो, आणि १ हर्ट्झपर्यंत जायचं तर गेट ६४ सेकंद उघडं ठेवा. शिवाय या चिपांना एक खोड आहे. इनपुटला काहीच नसलं की त्या स्वतःच डोलायला लागतात आणि काउंटर भलतीच पण स्थिर दिसणारी फ्रीक्वेन्सी दाखवतो. सिग्नल लावल्यावर आकडा बदलतो का आणि काढल्यावर पुन्हा त्या जुन्या आकड्यावर जातो का, एवढं पाहिलं की ओळखता येतं. आता भागाकाराच्या चिपा वीस गिगाहर्ट्झच्या पुढेही मिळतात, पण तुमच्या जुन्या पेटीत ती सोय नाही.

वजाबाकीची जुनी आणि सरळ पद्धत अशी. टाइमबेसच्या १० मेगाहर्ट्झला गुणत गुणत, समजा, २०० मेगाहर्ट्झ करायचं. ते स्टेप रिकव्हरी डायोडला द्यायचं. हा डायोड वाहता वाहता इतक्या झटक्यात बंद होतो की २०० च्या पटीतल्या सगळ्या फ्रीक्वेन्सी एकदम तयार होतात: ४००, ६००, ८०० करत थेट १८ गिगाहर्ट्झपर्यंत. त्यातली एकच हवी असते. ती निवडायला यिग फिल्टर असतो, म्हणजे यट्रियम-आयर्न-गार्नेटची मोहरीएवढी गोळी चुंबकाच्या फटीत टांगलेली. चुंबकीय क्षेत्र वाढवलं की गोळी जी फ्रीक्वेन्सी जाऊ देते ती दर गॉसमागे २.८ मेगाहर्ट्झने वर सरकते. ९,२०० मेगाहर्ट्झला साधारण ३,३०० गॉस लागतात. काउंटर खालून सुरू करून चुंबकाचा प्रवाह पायरीपायरीने वाढवत नेतो. मिक्सरमधून, म्हणजे वजाबाकी करणाऱ्या भागातून, मोजता येईल असं काहीतरी बाहेर पडलं की थांबतो. तुमचा ९,४१० चा सिग्नल असेल तर ४६ व्या पायरीला, म्हणजे ९,२०० ला, २१० उरतात. बेरीज केली की ९,४१०. इथे क्रमांक शोधावा लागत नाही, यिग कोणत्या पायरीवर उभा आहे हे त्याला चालवणाऱ्यालाच माहीत असतं. पद्धत मजबूत आहे, पण यिग महाग, जड, आणि चुंबकाला प्रवाह भरपूर लागतो.

तुमच्याकडच्या काउंटरात हे नसावं. सव्वाशे मेगाहर्ट्झचा आकडा सांगतो की आत सॅम्पलर आहे. एचपी (ह्युलेट-पॅकर्ड) कंपनीच्या १९७८ च्या ५३४२ए काउंटरने ही पद्धत घराघरात नाही तरी प्रयोगशाळांत रुजवली, आणि नंतरच्या अनेक काउंटरांनी तीच उचलली. तिच्यावर जरा थांबतो, कारण तुमच्या ४.७ चं कोडं इथेच सुटतं.

सॅम्पलरमध्ये फिल्टर नाही. आतला सिंथेसायझर, म्हणजे हवी ती फ्रीक्वेन्सी तयार करणारं सर्किट, ३०० ते ३५० मेगाहर्ट्झच्या मधली एखादी फ्रीक्वेन्सी देतो, तिच्यापासून अतिशय अरुंद पल्स तयार होतात आणि त्या पल्सांनी डायोडची जोडी क्षणभर उघडते व मिटते. त्यामुळे सिंथेसायझरच्या सगळ्या पटी एकाच वेळी तुमच्या सिग्नलशी मिसळल्या जातात. त्यातली जी पट सिग्नलच्या सव्वाशे मेगाहर्ट्झच्या आत येईल तिचाच फरक पुढच्या ॲम्प्लिफायरमधून जातो, बाकीचे आपोआप गळतात. समजा सिंथेसायझर ३३३ वर आहे आणि ८६ मेगाहर्ट्झ उरले. आता कितवी पट? २७ वी असेल तर सिग्नल ९,०७७, २८ वी असेल तर ९,४१०, २९ वी असेल तर ९,७४३. आणि सिग्नल पटीच्या वर आहे की खाली, तेही माहीत नाही. नुसत्या ८६ वरून काहीच कळत नाही.

शेतमोजणी पाहिलेल्या माणसाला यातली युक्ती लगेच कळेल. ३३ फुटी साखळीने बांध मोजत गेलात, शेवटी ५ फूट उरले, पण किती साखळ्या पडल्या ते गप्पांच्या नादात विसरलात. आता तोच बांध ३२ फुटी साखळीने पुन्हा मोजा. या वेळी १७ फूट उरले. साखळी फक्त १ फुटाने आखूड, आणि शिल्लक १२ फुटांनी वाढली. म्हणजे साखळ्या १२ पडल्या होत्या, कारण प्रत्येक साखळीने एकेक फूट मागे ठेवला. बांध १२ गुणिले ३३ अधिक ५, म्हणजे ४०१ फूट. एकदाही साखळ्या न मोजता उत्तर आलं.

काउंटर हेच करतो. सिंथेसायझर ३३३ वरून ३३३.५ वर नेतो. शिल्लक ८६ वरून ७२ वर येते. फरक १४ मेगाहर्ट्झ, सरकवलं होतं अर्धा मेगाहर्ट्झ, म्हणजे पट २८ वी. सिंथेसायझर वाढवल्यावर शिल्लक कमी झाली, म्हणजे सिग्नल पटीच्या वर आहे. वाढली असती तर खाली. २८ गुणिले ३३३ अधिक ८६, म्हणजे ९,४१०. एकदा पटीचा क्रमांक कळला की पुढे फक्त शिल्लक लांब गेटने मोजत बसायचं, आणि ती थेट मोजली जात असल्यामुळे एका सेकंदात १ हर्ट्झपर्यंत आकडा मिळतो. भागाकाराच्या पद्धतीत वेळेची जी किंमत होती ती इथे नाही.

सरकवण्याचं माप अर्धा मेगाहर्ट्झच का, हा प्रश्न विद्यार्थी विचारतील. १८ गिगाहर्ट्झला पट साठच्या घरात जाते, तेव्हा अर्ध्या मेगाहर्ट्झच्या सरकवण्याने शिल्लक तीस मेगाहर्ट्झ हलते आणि ॲम्प्लिफायरच्या पट्ट्यातच राहते. ५ मेगाहर्ट्झ सरकवलं असतं तर ती तीनशेने हलून बाहेर गेली असती. फारच कमी सरकवलं तर उलटी पंचाईत: सिग्नल स्वतःच थोडा हलत असेल तर त्याचं हलणं आणि सरकवल्यामुळे आलेलं हलणं वेगळं करता येत नाही.

काउंटर नव्हते तेव्हा हेच काम हाताने चालायचं. ट्रान्सफर ऑसिलेटर नावाची पेटी असे. तिचं बटण फिरवत एखादी पट सिग्नलवर अचूक बसली की बीट, म्हणजे दोन्हींतला फरक, शून्य होई. ती फ्रीक्वेन्सी लिहायची, मग पुढच्या शून्य बीटपर्यंत फिरवायचं. १८८.२ ला एक शून्य आणि १९२.०४ ला पुढचं मिळालं, तर १९२.०४ ला दोन्हींच्या फरकाने, म्हणजे ३.८४ ने भागा. ५० येतात. १८८.२ गुणिले ५०, म्हणजे तेच ९,४१०. फळ्यावर हे उदाहरण सोडवून घेतलं तर विद्यार्थ्यांना सॅम्पलरचा काउंटर समजावून सांगायची अर्धी मेहनत वाचते.

आता तुमचं ४.७. गन बेंचवर पिन मॉड्युलेटर असतो आणि तो सिग्नल १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीने चालू-बंद करत असतो, कारण बेंचवरचा एसडब्ल्यूआर मीटर (उभ्या लहरींचं प्रमाण मोजणारा) त्या १ किलोहर्ट्झवरच वाचतो. माझी पैज आहे, काउंटर लावताना तो मॉड्युलेटर चालूच होता. सिग्नल निम्मा वेळ हजर, निम्मा वेळ गैरहजर. ८६ मेगाहर्ट्झची शिल्लक गेटमध्ये निम्मीच मोजली जाते, ४३. सरकवल्यावर ७२ ऐवजी ३६. फरक ७, म्हणजे काउंटरच्या मते पट १४ वी. १४ गुणिले ३३३ अधिक ४३ करा: ४,७०५. कागदावर नेमकं निम्मं येतं. प्रत्यक्षात सिग्नल नसलेल्या वेळात ॲम्प्लिफायरचा गोंगाटही मोजला जातो, त्यामुळे आकडा निम्म्याच्या आसपास उड्या मारतो, आणि क्रमांक जुळलाच नाही तर रेघा. मॉड्युलेटर बंद करा, सिग्नल अखंड जाऊ द्या, आणि मग पाहा.

यात एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. यिगवाल्या काउंटरला हाच चालू-बंद होणारा सिग्नल दिला तर त्याचा ९,२०० चा आकडा पक्का असतो, फक्त २१० चे १०५ होतात. तो ९,३०५ दाखवेल. तुमच्या काउंटरची चूक एवढी ढळढळीत आहे की कोणीही दचकेल. चांगल्या आणि महागड्या काउंटरची चूक मात्र इतकी शहाण्यासारखी दिसते की ती तशीच प्रयोगवहीत उतरेल आणि वर सहीही होईल.

गनऐवजी क्लायस्ट्रॉनचा (मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्या जुन्या व्हॅक्यूम ट्यूबचा) बेंच असेल तर आणखी एक सापळा. ट्यूब कोणकोणत्या व्होल्टेजला चालते ते (तिचे मोड) पाहण्यासाठी तिच्या रिपेलर नावाच्या इलेक्ट्रोडला करवतीच्या दातांसारखी लहर देतात, तेव्हा फ्रीक्वेन्सी कित्येक मेगाहर्ट्झ मागेपुढे झुलते. काउंटर शिल्लक दोनदा मोजतो. पहिल्या मोजणीच्या वेळी सिग्नल झोक्याच्या एका टोकाला आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या टोकाला असला तर पटीचा क्रमांक चुकलाच. ५३४२ए मध्ये यावर सुंदर तोडगा आहे. त्यात आधीच्या आणि सरकवलेल्या फ्रीक्वेन्सीसाठी दोन वेगळे सिंथेसायझर असतात; त्यांच्यात आलटून पालटून जाताना तो ठरलेल्या तालावर जात नाही, यादृच्छिक वाटणाऱ्या क्रमाने जातो, म्हणजे सिग्नलच्या झुलण्याशी त्याचा ताल जुळतच नाही आणि सरासरी दोन्हीकडे सारखी पडते. वेळ जास्त लागतो, म्हणून मागच्या बाजूला सीडब्ल्यू (स्थिर सिग्नलसाठी) आणि एफएम (झुलणाऱ्या सिग्नलसाठी) असं बटण असतं. तुमच्याही काउंटरला असं बटण असलं तर गन बेंचसाठी सीडब्ल्यू ठेवा. रिपेलरला लहर देऊन मोजायचा मोह मात्र टाळा. तिथे मोजण्यासारखी एकच फ्रीक्वेन्सी नसतेच.

तेव्हा काउंटर चुकला असं वाटलं की आधी बघा, पुढचे आकडे चुकले की मागचे? पुढचे चुकले, म्हणजे शेकडो मेगाहर्ट्झची उडी पडली, तर पटीचा क्रमांक चुकला आहे: मॉड्युलेशन, कमी पॉवर, किंवा दुसरा एखादा सिग्नल मधे घुसला आहे. मागचे चुकले तर सिग्नलचं स्वतःचं हलणं किंवा टाइमबेस. या दोन आजारांची औषधं एकमेकांना लागू पडत नाहीत. पटीच्या चुकीसाठी कॅलिब्रेशनला पैसे घालवणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि पुढच्या आकड्यांची खात्री करायला तुमच्याकडे आधीच उत्तम हत्यार आहे, ते म्हणजे तोच जुना कॅव्हिटी मीटर. तो काही मेगाहर्ट्झ इकडेतिकडे असला तरी हरकत नाही. पट एकाने चुकली तर फरक ३३३ मेगाहर्ट्झचा पडतो, तो कॅव्हिटी मीटरवर डोळे मिटून ओळखता येतो. तोही नसेल तर स्लॉटेड लाइन आहे, म्हणजे लांब फट पाडलेला वेव्हगाइड (मायक्रोवेव्ह वाहून नेणारी धातूची चौकोनी नळी). डब्ल्यूआर-९० वेव्हगाइडची आतली रुंदी २२.८६ मिलिमीटर. ९,४१० मेगाहर्ट्झला गाइडमधली तरंगलांबी ४४.४ मिलिमीटर येते, म्हणजे लागोपाठचे दोन मिनिमा (सिग्नल सगळ्यात कमी असलेल्या जागा) २२.२ मिलिमीटरवर सापडले पाहिजेत. काउंटर ४,७०५ म्हणतो तेव्हा तर गणिताचीही गरज नाही. या वेव्हगाइडमधून ६.५६ गिगाहर्ट्झच्या खालचं काही वाहतच नाही, मग ४.७ बाहेर येणार कुठून?

आता न थांबणारे आकडे. गन ऑसिलेटर म्हणजे एका धातूच्या पोकळीत बसवलेला डायोड. पोकळी तापली की फुगते, डायोडची कपॅसिटन्स बदलते, आणि फ्रीक्वेन्सी एका अंशाला सहज दोन-तीनशे किलोहर्ट्झ सरकते. बायसच्या व्होल्टेजवरही ती हलते. पंख्याचा झोत त्यावर आला की शेवटचे पाच आकडे नाचणारच. कॅव्हिटी मीटरला हे दिसत नव्हतं म्हणून इतकी वर्षं कोणी तक्रार केली नाही, एवढंच. काउंटरचं रिझोल्यूशन १० किंवा १०० किलोहर्ट्झवर आणा, गन चालू करून अर्धा तास जाऊ द्या, छताचा पंखा बंद करा. उलट हे हलणंच प्रयोग म्हणून घ्या: दर दोन मिनिटांनी वाचन, शेजारी पोकळीला टेकवलेला थर्मामीटर, आणि आलेख. मुलांना हा प्रयोग आवडेल.

टाइमबेसचं म्हणाल तर गन बेंचपुरती त्याची काळजी करू नका. सिंथेसायझरही त्याच क्रिस्टलला बांधलेला असल्यामुळे क्रिस्टलची चूक पूर्ण ९,४१० ला लागते, नुसत्या शिल्लकीला नाही. क्रिस्टल दहा लाखात एकाने चुकला तर वाचन ९.४ किलोहर्ट्झने चुकतं. गन त्याच्या कित्येक पट स्वतःच हलते. पण हाच काउंटर उद्या तुम्ही टॉवरच्या मायक्रोवेव्ह लिंकवर किंवा चांगल्या सिंथेसायझरवर लावाल तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे ओव्हनमधला क्रिस्टल हवा, ज्याची चूक दहा कोटीत एकाच्याही खाली राहते, आणि आपल्या भागात खरी अडचण त्या ओव्हनची आहे.

ओव्हन म्हणजे क्रिस्टलभोवतीची गरम डबी, साधारण ७० ते ८० अंशांवर धरून ठेवलेली. ती फक्त तापवू शकते, थंड करू शकत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली खोलीच ४५ च्या वर गेली, काउंटरच्या पेटीत आणखी पंधरा-वीस अंश चढले, की डबीला तापवायला जागाच उरत नाही आणि ताबा सुटतो. त्यात जिनिंगचा हंगाम असेल तर पंख्याच्या जाळीवर रुईचा थर बसलेला असतोच. यवतमाळ-वर्ध्याकडच्या उपकरणांत मला जाळीवर गादी सापडली नाही असं क्वचित झालंय. जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा, आणि उन्हाळ्यात कामाची मापं सकाळी घ्या.

दुसरी अडचण विजेची. चांगल्या काउंटरचं पॉवरचं बटण बंद केलं तरी प्लग लावलेला असेपर्यंत ओव्हन गरम राहतो, समोर स्टँडबायचा छोटा दिवा लागतो. आपल्याकडे काटकसर म्हणून भिंतीवरचं बटण बंद करून घरी जायची सवय आहे, आणि ते केलं नाही तर रात्री वीजच जाते. थंड ओव्हन पुन्हा तापायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि तापल्यावरही क्रिस्टल जुन्या जागी अगदी तंतोतंत परतत नाही. काही तास, कधी दिवसभर तो रांगत राहतो. लिंकच्या देखभालीत असताना चिखलदऱ्याकडच्या टॉवरवर काउंटर एसटीने न्यायचो. पोचल्या पोचल्या प्लग लावायचा आणि मग चहा, केबल, रजिस्टर, बाकीची सगळी कामं आधी उरकायची, हा आमचा नियमच होता. शक्य असेल तर स्टँडबायपुरता एक छोटा यूपीएस द्या, ओव्हनला काही वॅटच लागतात.

टाइमबेस तपासायचा म्हणून बरेच जण काउंटरच्या मागचं १० मेगाहर्ट्झचं आउटपुट त्याच्याच इनपुटला लावतात आणि नेमका १,००,००,००० दिसला की खूश होतात. तो दिसणारच. क्रिस्टल कितीही चुकलेला असला तरी स्वतःच्या मापाने स्वतःला मोजल्यावर बरोबरच येतो. त्या चाचणीने मोजणारी सर्किटं शाबूत आहेत एवढंच कळतं. खरी तपासणी बाहेरच्या प्रमाणाशी हवी. जीपीएसवर बांधलेला १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर आता परवडण्याजोगा मिळतो, आणि आपल्या सपाट प्रदेशात अँटेनाला आकाश मोकळं असतं. तो मागच्या एक्स्टर्नल रेफरन्सला लावला की ओव्हनची चिंताच मिटते. पण पुन्हा सांगतो, निव्वळ गन बेंचसाठी हा खर्च करू नका.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोडणी. सॅम्पलरचे डायोड हा या पेटीचा सर्वांत नाजूक भाग आहे आणि जुन्या मॉडेलचे सुटे मिळत नाहीत. इनपुटशेजारी कमाल पॉवर छापलेली असते, ती मोजता येण्याची मर्यादा आहे की जळण्याची, ते मॅन्युअलात पाहा. दोन्ही वेगळ्या असतात. बेंचची गन १० ते २० मिलिवॅट, म्हणजे १० ते १३ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर) देते. असे काउंटर साधारण उणे २० डीबीएमपासून पुढे आरामात वाचतात, म्हणून थेट जोडायची काहीच गरज नाही. मधे २० डीबीचा डायरेक्शनल कपलर घ्या, म्हणजे पॉवरचा शंभरावा हिस्सा बाजूला काढणारा फाटा, आणि त्याच्या बाजूच्या फाट्याला वेव्हगाइड-टू-कोॲक्स ॲडॉप्टर लावून तिथून काउंटरला द्या. काउंटरकडे उणे ७ ते उणे १० पोचतील, ते पुरेसं आहे, आणि कपलरमुळे मुख्य बेंचवरचं काम चालूच राहतं. कपलर नसेल तर बेंचचा व्हेरिएबल ॲटेन्युएटर पूर्ण बंद करून सुरुवात करा आणि काउंटर पकडेपर्यंतच उघडा. फार कमी पॉवर दिली तर तो पुन्हा भलती पट पकडेल, म्हणून पकडल्यावर आणखी चार-पाच डीबी उघडून आकडा तोच राहतो का ते पाहा.

कनेक्टर लावताना फक्त नट फिरवा, केबल किंवा ॲडॉप्टरचं अंग फिरवू नका, मधली पिन घासते. पावसाळ्यात लावण्याआधी कनेक्टरच्या तोंडात डोकावून पाहा. हिरवट डाग दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या काडीने पुसा. केबल लावण्याआधी तिच्या दुसऱ्या टोकाची मधली पिन आणि बाहेरची जाळी क्षणभर एकमेकांना टेकवा, साठलेला स्टॅटिक चार्ज डायोडमधून जाणार नाही. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तर हे विसरूच नका.